कांद्याची मुळं, सकाळी आठ वाजता

सोमवारी अकरा कांदे बसवले
लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांवर,
बूड पाण्याला टेकेल न टेकेल असे.
गुरुवारी पांढऱ्या मिशा फुटल्या.
मी देवाजी भोयर, प्रयोगशाळा परिचर,
कनिष्ठ महाविद्यालय, पिंपळखुटी (बुद्रुक).
कांद्यांचं बिल कधी निघत नाही.
कांदे घरचे.

मुळं सकाळी आठलाच कापायची.
तेव्हा टोकाशी लगबग असते, सर म्हणतात.
एरवी काचेवर झोपलेल्याच जास्त.
झोपलेल्या नसतात म्हणे त्याही,
आत अक्षर न् अक्षर उतरवणं चालू असतं,
पाहुण्या वहीवरून रात्रभर
गृहपाठ उतरवणाऱ्या पोरीसारखं.

ब्लेड. आम्ल. स्पिरिटच्या दिव्याची धग.
लाल रंग, मग काच, काचेवर टिपकागद,
वरून आंगठा, सरळ खाली.
सतरा वर्षांत एवढंच शिकलो:
दाबायचं, सरकवायचं नाही.

लाइन गेलेली.
मी आरसा खिडकीकडे वळवतो,
तुराट्यांच्या गंजीवरून आलेलं ऊन
नळीतून वर चढतं.
लीलेश्वरी मडावी, अकरावी, डावा डोळा मीट.

पुस्तकात क्रम असतो, काचेवर नसतो.
तिला आधी शेवटचीच सापडली,
दोन पुंजके दोन टोकांना
आणि मधोमध भिंतीची नुसती चाहूल.
आपला धुरा काठापासून पडतो,
हिचा मधून निघून काठाकडे जातो.
मग एक गुंता,
सूत जाड होत आलेलं, टोक सापडेना:
पूर्वावस्था, तिनं वहीत लिहिलं.
मग मधल्या रेषेवर उभी राहिलेली गुणसूत्रं
आणि दोन्हीकडून ताणलेले तंतू.
तर्कुतंतू, सर म्हणाले.
तर्कु म्हणजे चाती.
हे मला कोणी सांगायला नको होतं,
माय चातीवर सूत काढायची,
भांडारात गुंड्या देऊन साबण आणायची.
तिची चाती जोडत जायची.
ही ओढून वेगळं करते.

पश्चावस्था काही मिळेना.
एक काच, दोन काचा.
तिसरीवर, अगदी कडेला, होती:
जोडी नुकतीच सुटलेली,
मधे धरून ओढलेली,
हातपाय मागे लोंबत राहिलेले.
लीलेश्वरी बराच वेळ हललीच नाही.

मग म्हणाली,
"सर, हे पुढं गेली का?"
"नाही. आम्लात पडली तिथंच थांबली."
"म्हंजे मेली?"
"हो."
"अन् ते शेवटची? ते दुसरीच?"
"दुसरीच."
"मंग एकीनंच चारही केल्या,
हे या काचीवर कोनं पाह्यलं?"

सरांनी चष्मा पुसला.
बाहेर कोणीतरी हापशी मारत होतं.
जिवंत चालताना पाहता येते, ते म्हणाले,
मोठ्या ठिकाणी, वेगळ्या दुर्बिणीतून.
आपल्याकडे मेलेल्या शेजारी शेजारी ठेवून
चाल ओळखायची.

काचा धुताना पाहिलं,
मंगळवारी ब्लेडनं कापलेला आंगठा
पट्टीखाली भरत आला होता.
कडेला गुलाबी कातडी, नवी, चुरचुरणारी.
याच आंगठ्यानं मी सकाळपासून
अकरा मुळं चपटी केली,
आणि आत त्याच वेळी
कोणीतरी रांगेत उभं राहत होतं,
सुटत होतं, भिंत नसलेल्या जागी
कंबर आवळून दोन होत होतं.
आठ वाजण्याची वाट न बघता,
रंगाशिवाय,
कोणी डोळा मिटलेला नसताना.

लीलेश्वरीला दाखवावं वाटलं.
पण घंटा झाली, आणि तिची बस दीडची.

कांदे पिशवीत भरले.
मुळं तेवढी विज्ञानाची, बाकी कांदा आपला.
संध्याकाळी एक फोडला बुक्कीनं, भाकरीसोबत.
दहा उरले होते. त्यातल्या दोघांना
कापलेल्या बुडाशी
पुन्हा पांढरं काहीतरी टोचत होतं.